हातचा

रिओनीच्या पुलापलीकडे, कुताइसीत,
तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे
मंगळवारी आणि शुक्रवारी बाचुका येतो.
आजोबांच्या भट्टीतला लांबट पाव काखेत,
बुटांवरचा बर्फ दारातच झटकतो,
रॉकेलच्या शेगडीला पाठ लावून बसतो
आणि वही उघडतो, चोरी कबूल करावी तशी.

त्याची आई इटलीत, बारी शहरात,
कुणा म्हातारीच्या उश्या सरळ करते, तासावर.
त्यातलेच दोन तास दर आठवड्याला मला पोचतात.
रविवारी फोन: "कुठवर आलाय, बाई?"

पहिले दोन महिने पेन्सिल माझ्याच हातात होती.
मी भराभर समजावायची, तो मान डोलवायचा,
दोघंही खूश.
चाचणीत दहापैकी तीन.

मग एका मंगळवारी पेन्सिल त्याच्या बाजूला सरकवली.
पाव अधिक पाव.
त्यानं लिहिलं: दोन छेद आठ.

"अरे," माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.
"कसं काढलंस?" एवढंच विचारलं
आणि थांबले.

थांबणं सोपं नाही.
शेगडीची वात फुरफुरते,
खालचा वाझिको खुर्ची ओढतो,
उत्तर तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं,
थुंकता येत नाही, गिळवत नाही.
शिकवताना हातचं राखू नये,
असं आम्हाला शिकवलं होतं.
मी राखलं.
एकोणीसपर्यंत आकडे मोजले.

"काल चार पेनल्ट्या मारल्या," तो टेबलाला म्हणाला,
"एक आत गेली.
आज परत चार. परत एक.
आठात दोन."

बरोबरच होतं की.
एकतीस वर्षं याच उत्तरावर
मी लाल रेघ ओढत आले,
एकालाही विचारलं नाही.

पाव त्याच्यापुढे ठेवला. "चार वाटे कर.
एक तुझा, एक माझा."
चावत चावत तो उरलेल्याकडे बघत राहिला.
"अर्धा गेला," म्हणाला. मग कपाळाला आठी:
"पण मग माझ्या पेनल्ट्या?"

मला ठाऊक होतं.
"शुक्रवारी सांग," म्हटलं,
आणि तो गेल्यावर दाराच्या कडीला धरून उभी राहिले,
जिन्यातून हाक मारावी का, या विचारात.

शुक्रवारी बर्फ झटकलाच नाही त्यानं.
ओली पावलं थेट टेबलापर्यंत.
"चेंडू आठ होते," धापा टाकत म्हणाला,
"पाव एकच."

लिहून घ्यावं म्हणून मी पेन्सिल शोधू लागले,
वहीखाली, चष्म्याच्या डबीत, मांडीवर.
ती त्याच्या कानामागे होती.