थिवीची जोड

वेळापत्रकात पाच चाळीस.
सावंतवाडीची गाडी येते कधी पावणेसहाला, कधी सव्वासहाला,
कधी रुळांवरून पायी चालत आल्यासारखी दमून.

स्टेशनाबाहेर काजूच्या झाडाखाली
'श्री सातेरी प्रसन्न' म्हापशाकडे तोंड करून उभी.
बाबुसो स्टिअरिंगवर टॉवेल टाकून
सिग्नलकडे बघत बसतो,
दूध तापत ठेवलेलं माणूस बघतं तसा.

दारात मिनिन. पत्र्यावर दोन थापा,
"म्हापसा, म्हापसा, म्हापसा!"
आवारात एक कुत्रं आणि झोपलेला रिक्षावाला.
दोघांनाही म्हापशाला जायचं नसतं.

मग गाडी येते.
फाटकातून बाहेर पडतात
नर्सिंग शिकणाऱ्या दोघी, पांढऱ्या बुटांत,
पणजीकडे पाठ करून पणजी कुठं विचारणारा एक परका,
दर बुधवारी लेकीकडून परतणारी म्हातारी
(पिशवीत दर बुधवारी एक नारळ जास्त)
आणि मी, सहावी ब-च्या वह्यांसकट.
"फाटीं वच, फाटीं जागो आसा!"
मागे जागा नसते.
आम्ही सरकतो, मग होते.
तिकीट द्यायची इथं रीत नाही.
पैसे दिलेले दोघांच्या लक्षात राहतात.

एका बुधवारी गाडी मडुऱ्याला क्रॉसिंगला पडली.
एक मालगाडी गेली, मग एक्स्प्रेस, मग काहीच गेलं नाही.
थिवीला उतरले तेव्हा नऊ वाजून गेलेले,
उतरलो दोघीच, मी आणि नारळवाली.
रिक्षावाला घरी गेलेला. कुत्रंही.
झाडाखाली बस होती.
आत एकच दिवा,
शेवटच्या सीटवर मिनिन झोपलेला,
बोटांत नोटा उभ्या दुमडून, तशाच.

"एवढा वेळ थांबलास? डिझेल?"
"इंजिन बंद होतं," बाबुसो म्हणाला.

पहिल्या वळणावर मी विचारलं,
एकोणीस वर्षं गाडीला सामोरा येतोस,
कधी बसलायस तिच्यात?
"ना."
टॉवेलनं काच पुसली. काच स्वच्छच होती.
बराच वेळ नुसता गिअरचा आवाज.
मग म्हणाला, बसायला काय, बसेन.
पण जिथं उतरीन
तिथून पुढं मला कोण नेणार?

मला हसू येणार होतं. आलं नाही.

तिठ्यावर म्हातारी उतरली.
पायरीवर पिशवी कलंडली,
नारळ उतारावरून घरंगळत काळोखात गेला.
मिनिननं शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही.
बाबुसोनं बस जरा तिरकी घेतली,
दिव्यांचा झोत गटाराच्या कडेनं फिरवत नेला
आणि तसाच धरून ठेवला,
ती वाकून, चाचपून,
पुन्हा उभी राहीपर्यंत.