दहा गुणांसाठी

‘राज्य हे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे
मूलभूत एकक आहे. स्पष्ट करा.’
प्रश्न मीच काढला होता.
फळ्यावरची दोन वर्तुळंही माझीच,
मध्ये बाण, दोन्हीकडून टोकदार.
वर्तुळाच्या आत काय, ते अभ्यासक्रमात नाही.
कॅरमच्या सोंगटीला कुठे पोट असतं?

निशिगंधा कुबलनं उत्तरात लिहिलाय
पणज्याचा पत्र्याचा डबा.
आरोंद्याच्या खाडीत त्याची एकच होडी
आणि डब्यात तीन सरकारांच्या पावत्या:
संस्थानची जकात, मोडीत, वाळवी लागलेली;
शिरोड्याच्या मीठखात्याची, गोऱ्या साहेबाच्या सहीची;
आणि पैलतीरच्या फिरंग्यांची,
जिचा जांभळा शिक्का
दमट हवेत अजून बोटाला लागतो.

‘शेवटे भरतीला तिकडे जायचे, ओहोटीला इकडे.
पणजाही जायचा, रात्री, मीठ घेऊन.
तो चुकवायचा म्हणून नाका बसला.
नाक्याला शिपाई आले,
शिपायांना पगार लागला,
पगारासाठी होडीवर नवी पट्टी आली.
हे बघून पलीकडच्यांनीही
आपले दोन शिपाई वाढवले.
सर, आधी सीमा आणि मग होडी
असं आमच्या घरात कोणी मानत नाही.’

पुढे तिनं बाण काढलाय.
एकच टोक, आणि ते वर्तुळाच्या आत वळलेलं.

बाकी एकोणसत्तर पेपरांत
राज्यं जन्मतःच मोठी झालेली होती,
दात आलेली, एकमेकांकडे बघणारी.

संध्याकाळी गठ्ठा स्कूटरला बांधून
मी शिरोड्याच्या मिठागरात गेलो.
ऐकून होतो, की पाणी नुसतं कोंडून मीठ येत नाही,
आधी तळ तुडवावा लागतो,
आठवडेच्या आठवडे, अनवाणी,
तो इतका घट्ट होईतो
की तुडवणारे विसरले जावेत.
उपमा सापडली म्हणून मी खूश होतो.
तेवढ्यात फावडं टेकून भिकाजी आगरी ओरडला,
‘मास्तरानू, मेरेवरसून चलू नकात, फुटतली!’

मी खाली उतरलो. चपला हातात घेतल्या.
त्याला विचारलं, राज्य म्हणजे काय रे?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग कनवटीचं ओळखपत्र काढून दाखवलं,
मी तपासायला आलोय असं समजून.

घरी येऊन तिला आठ दिले.
मग नमुना उत्तरपत्रिका उघडली,
त्यात डबा नव्हता, खाडी नव्हती,
चार मुद्दे होते, प्रत्येकी अडीच गुण.
आठाचे सहा केले.
खाडाखोडीवर सही लागते, ती केली,
हुद्दा लिहिला, शिक्का मारला.

शाई ओली होती.
बोटाला जांभळं लागलं.