सुटणं

माझं काम स्वयंपाकाचं नाही.
ॲबरडीनला येऊन सहा वर्षं झाली, तरी बार्शीहून
मावशी विचारते, "काय रांधतेस गं तिथं?"
रांधत नाही. जोखते.
एकशे बारा ग्रॅम बटाटा. सदतीस ग्रॅम लोणी.
तोळ्यामाशाशी हुज्जत घालणारा काटा,
आणि भिंतीत एक दुहेरी झडप,
जिच्यातून ताट आत जातं, वास इथंच राहतो.

झडपेपलीकडे मिस्टर विशार्ट.
एकसष्ट वर्षं, त्यातली तीस मासेमारीच्या बोटीवर.
काचेची खोली, एक पलंग, कुठेच न जाणारी सायकल,
आणि हवा: मोजून सोडलेली, मोजून परत घेतलेली.

पहिला आठवडा स्निग्धाचा.
रोज सकाळी त्यांची लाडकी रोवी,
चरबीत मळलेला, खारट, चपटा पाव.
म्हणे समुद्रासाठीच केलेला:
आठवडेच्या आठवडे विटायचा नाही,
आणि जाळी ओढणाऱ्या हातांना पहाटेपर्यंत पुरायचा.
"समुद्र सुटला," ते इंटरकॉमवर म्हणाले,
"रोवी सुटली नाही."

पडद्यावर एक रेघ.
किती प्राणवायू आत, किती कर्बवायू बाहेर.
पॉइंट सातकडे उतरली तर माणूस चरबी जाळतोय,
एकाकडे चढली तर साखर.
त्या आठवड्यात रेघ उतरली. मी हुरळले.
डॉक्टर मोराग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
आजची आवक जळतेय. कोठारातलं जागच्या जागी आहे.

दुसऱ्या आठवड्यात भात, पांढरा पाव, जाम, डब्यातले पीच.
उष्मांक तेवढेच. एकही इकडचा तिकडे नाही.
रेघ चढून एकाशी जाऊन बसली.
साखर आली की मागोमाग इन्सुलिन,
आणि चरबीच्या कोठीला आतून कडी.
साखर उतू जायला लागली
तर यकृत स्वतःच लोणी काढायला बसतं,
ना ताक, ना रवी, ना आवाज.

हे मला तोवर माहीत होतं, असं नाही.

माझी कंबर एकोणतीस. लग्नातली पोलकी अजून होतात.
"हिच्या खाल्लेलं अंगी लागत नाही," म्हणायचे घरी.
मार्चमध्ये पोटावरची जेल पुसत ती मुलगी म्हणाली,
यकृतावर चरबी आहे.
कुणाच्या, मी विचारलं.
लागत होतं तर. आतल्या अंगाला,
कुणी दृष्ट काढणार नाही अशा जागी.
गुरुवारी सगळे गेल्यावर
मी डब्यातली उपवासाची खिचडी काट्यावर ठेवली:
साबुदाणा, बटाटा, वर चिमूटभर म्हणता म्हणता साखर.
आकडा सांगत नाही.

मला वाटायचं चरबी घामातून जाते.
किंवा जिथून सगळं जातं तिथून.
जाते ती श्वासातून, बहुतेक सगळी.
रात्री विशार्ट घोरतात, रेघ हळूहळू खाली येते,
आणि कुठल्याशा जुन्या सकाळची रोवी
उच्छ्वास होऊन नळीत, नळीतून यंत्रात,
यंत्रातून छपरावर, छपरावरून धुक्यात.
समुद्रावरून येणाऱ्या इथल्या धुक्याला हार म्हणतात.
गळ्यात पडतो, पण ओला. पत्करावी तर लागतेच.

पंधराव्या दिवशी दार उघडलं.
मी त्यांना सांगितलं, आमच्यात पोट वाढलं की म्हणतात
सुटलं. आणि माणूस तुरुंगातून बाहेर आला
की तोही सुटला.
ते पोटावर हात ठेवून बराच वेळ हसले.
"मग मी कुठला?"
बाहेर चार अंश. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली,
पुन्हा निघाली.
कुणी मोजली नाही.

मी आत आले. शेवटचं ताट परत आलं होतं.
चमच्याला जाम, पॉइंट चार ग्रॅम.
नोंदवला.