व्हेंट

काचेच्या मानेवर निळा ठिपका असतो.
तिथंच अंगठा टेकवून सिस्टर सुवार्ता
कट्ट करून मान मोडते,
औषध मशीनच्या वाटीत सोडते.

आप्पा बघत असतात.
‘ह्ये त्येच न्हवं... पायाची सूज...
उतरवायचं?’
‘तेच, आप्पा.’
‘मग मुतायचं औषध... नाकानं... का घालतासा?’

तिला हसू आवरत नाही.
आप्पांनाही येतं, पण हसायला जेवढा वारा लागतो
तेवढा शिलकीत नाही.
ते डोळ्यांनीच हसतात
आणि तेवढ्यानंही धाप लागते.

भूपाल मगदूम, मोल्डर. बत्तीस वर्षं
उद्यमनगरच्या एकाच फौंड्रीत.
वाळू चाळायची, ठासायची,
पॅटर्न असा उचलायचा की कड ढासळू नये,
आणि लोखंड ओतायच्या आधी
तारेनं बारीक बारीक भोकं मारायची.
मी डबा घेऊन गेले की मला दाखवायचे:
‘ह्येला व्हेंट म्हंत्यात. साच्यालाबी श्वास लागतोय.
न्हाई मारलं तर आत वाफ कोंडती,
फोड येतोय, सगळा माल भंगारात.’

छातीची फिल्म मॅडमनी खिडकीला धरली,
त्या पांढऱ्या बुंदक्यांकडं आप्पांनी
बराच वेळ निरखून पाहिलं.
म्हणाले, ‘चाळण बारीक हुती म्हनायची.’

मॅडम सरळ बोलणाऱ्या.
फुप्फुस बरं होणार नाही यानं.
काहींना आराम पडतो, काहींना नाही,
का पडतो तेही अजून नीट कळलेलं नाही.
एक अंदाज असा की छातीतल्या नसांना वाटतं,
श्वास पुरेसा भरला.
‘म्हणजे छातीशी खोटं बोलायचं?’ मी विचारलं.
त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
‘खोटं कशाला. समजूत काढायची.’

परवा काही झालं नाही.
वाटी रिकामी होऊन थुडथुडली,
आप्पा तसेच, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून,
गळ्याखालची खळगी आत ओढत,
रात्रभर उशीला टेकले नाहीत.
मीही नाही.

आज मशीन लावलं. खालच्या गल्लीत
कुणीतरी मोटरसायकल पुसत होतं, रेडिओ चालू होता.
मास्कच्या कडेनं वाफ निसटून
आप्पांच्या भुवयांवर बसली.
बोटावरचा आकडा सत्त्याऐंशी.
दहा मिनिटांनी सत्त्याऐंशी.
आकडा हललाच नाही.
पण खांदे खाली आले.
आधी डावा, मग उजवा,
दिवसभराचं ओझं कुणी एकेक बाजूनं उतरवून घ्यावं तसे.

आणि अकरा दिवस दोन-दोन शब्दांवर जगलेला माणूस
मास्क बाजूला करून म्हणाला,
‘कृष्णाकाठच्या वांग्याला आता पयल्यागत चव न्हाई राहिली.’
सात शब्द. मधे कुठंही न थांबता.
मी ‘व्हय’ म्हणाले,
नि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला,
रडू ऐकू जाऊ नये म्हणून.

फीचे पैसे नसायचे तेव्हा म्हणायचे, दम धर.
स्थळं परत जायची तेव्हा, दम धर पोरी.
आई गेली त्या पहाटे काही बोलले नाहीत,
पाठीवर हात ठेवला, त्याचाही अर्थ तोच.
दम धर म्हणजे थांब, एवढंच मला ठाऊक.
ती हातात धरायची वस्तू असते,
सुटते, पुन्हा धरावी लागते,
हे आता कळतंय, पन्नाशीला.

तीन तास टिकेल. कदाचित चार.
सुवार्ता पिशवी आवरून गेली,
जाताना मोडलेली काच कागदात गुंडाळून घेऊन गेली.
आप्पा उशीला टेकलेत. खरंच टेकलेत.

झोपेत त्यांचा अंगठा नि बोट जुळलंय,
चिमटीत न दिसणारी तार,
आणि गोधडीवर, शिवणीच्या रेषेनं,
ते एकेक भोक मारत चाललेत,
घाई नाही,
कड ढासळणार नाही अशा बेतानं.