गाळलेली जागा

इगर्जीमागच्या खोलीत, जिथे फेस्ताच्या उरलेल्या मेणबत्त्या
आणि मोडकी बाकं ठेवतात, तिथे मी रविवारी दोतोर्न शिकवतो.
नऊ मुलं. एक पंखा, तोही भिंतीलाच वारा घालणारा.

आज प्रार्थना पाठ करायची होती.
आमच्या बापा, मी म्हटलं.
आठ तोंडांनी ते परत केलं, न चावता.
इडालिना गप्प.
तिच्या कोपरावरचा डाग पिवळा पडू लागला होता,
म्हणजे आठवडा झाला असेल.
साल्वादोर बारमधून कसा परततो
ते जुवेंच्या कुत्र्यांनाही माहीत आहे.

सर, ती म्हणाली, तो बाप असेल तर मला नको.

उत्तर छापील होतं. पान अकरा.
ढगावर दाढीवाला म्हातारा, दोन्ही हात पसरलेले.
तिनं चित्र पाहिलं. म्हणाली, हात कशाला उगारलेत?
मी पुस्तक मिटलं.

आमच्या बोलीत बापाला पाय म्हणतात.
मराठी शाळेत मी पहिल्यांदा म्हटलं, माझा पाय मानशीवर असतो,
तेव्हा वर्ग हसला होता,
आणि दुसरा कुठे असतो, विचारलं होतं कुणीतरी.

काजितान, माझा पाय. खाजनाच्या बांधाला लाकडी दार आहे,
भरतीच्या दाबानं आपोआप मिटतं.
पण फळीत काटकी अडकली तर?
नारळाचं एक झावळं?
एवढ्या एका 'तर'साठी तो रात्री उठायचा.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
त्याची झोपही तशीच सरकत गेली आयुष्यभर.

आम्हाला तो झोपलेलाच दिसे.
दुपारी, सोप्यावर, तोंडावर टॉवेल.
आळशी, असं आजोळचे म्हणत. मीही म्हणे.
त्यानं जवळ घेतल्याचं आठवत नाही.
आठवतात ती सकाळची पावलं,
खाऱ्या चिखलाची, सुकून पांढरी पडलेली,
दारापासून माझ्या खाटेपर्यंत
आणि परत.
आई फडका फिरवायची. मला वाटे चोर येतो.

तो गेला त्याच वर्षी बांध फुटला.
भेंड्यांच्या वाफ्यांत खेकडे फिरू लागले,
विहिरीचं पाणी जिभेला टोचू लागलं.
इतकी वर्षं काय काय आत येत नव्हतं
ते तेव्हा कळलं.

पण हे इडालिनाला कसं सांगायचं?
तिच्याही घरी रात्री पावलं वाजतात,
आणि ती ऐकली की ती
काचेचे पेले उचलून पलंगाखाली ठेवते.

मी म्हटलं, तो शब्द राहू दे.
परीक्षेत गाळलेल्या जागा असतात ना, तसं समज.
पुढचं म्हण.
भरायची कधी? तिनं विचारलं.
मला माहीत नाही, मी म्हटलं. शिक्षकानं असं म्हणू नये.

मग तिनं म्हटली. आमच्या, आणि थांबली,
एक श्वास जाईल एवढी जागा सोडली,
आणि सर्गापासून पुढे नीट गेली.
रोजच्या घासापाशी तिचा आवाज मोठा झाला.
इतरांपेक्षा मोठा.
मला उगाच वाटलं, त्या सोडलेल्या जागेत
कुणीतरी अंग चोरून बसलंय,
हाक मारली नाही तरी न जाणारं.

संध्याकाळी पाद्रीला सगळं सांगितलं.
त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
उद्या आपण दोघं जाऊ म्हणाला.

भरती साडेअकराची होती.
मी टॉर्च घेतला. मानशीवर आता पंचायतीचा माणूस असतो,
त्या वाटेला लागलो नाही.
साल्वादोरच्या दारासमोर चिंच आहे, तिच्याखाली बसलो.
आत दिवा. भांडं पडल्याचा आवाज, एकदाच.
उठलो, दार वाजवलं, काडेपेटी मागितली.
त्यानं दिली. माझ्याकडे बघत राहिला.
मी लगेच निघालो नाही.
पावसाचं बोललो, म्हशीचं बोललो,
तो पेंगायला लागेपर्यंत बोलत राहिलो.

परतताना बांधावर चिखल होता, चपला हातात घेतल्या.
पाय, मी म्हटलं अंधारात.
दोघांपैकी कुणाला, ते मला नक्की ठाऊक नाही.
कुणी हसलं नाही.