अर्धी मात्रा

वडशाच्या नाटक मंडळीत मी वायोलिन वाजवतो,
दिवाळी ते होळी, रात्री दहा ते पहाटे पाच.
दुसऱ्या अंकात बाप लेकीला ओळखत नाही,
तिथं एक चाल आहे. नुसती चाल, शब्द नाहीत तिला.
पत्रकावर छापतात : पारंपरिक.
म्हणजे कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

मला ती झिंगरू टेकामनं दिली,
कोरचीच्या बाजारात, डिंकाच्या ढिगाशेजारी,
एका बिडीबंडलाच्या आणि अख्ख्या दुपारीच्या बदल्यात.
मांडीवर किंगरी, बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेली,
घोड्याच्या शेपटाच्या तीन तारा,
गजाला राळ.
तिसऱ्या ओळीशी तो थांबायचा. अर्धी मात्रा. जास्तीची.
मी मोजली पायानं, मग बोटांनी,
मग आगपेटीच्या काड्या मांडून.
जास्तीचीच होती.

“हे काऊन?”
“असंच हाय ते.”

नवेगावकडचे म्हणतात, हा साहेबाचा घोडा.
जंगलखात्याचा कोणी गोरा,
त्याच्या घोड्याचा पाय धानाच्या बांधीत मोडला.
साहेबानं गोळी घातली, रडला, पायी निघून गेला,
आणि रात्रीतून कोणीतरी शेपूट कापून नेलं.
तारा त्याच्या, म्हणून चालही त्याचीच :
तीन पाय टेकते, चौथा जपून.
गोष्ट चांगली आहे.
चांगली आहे म्हणूनच मला शंका येते.

वैनगंगेवर कवडू दिघोरे हसला.
“कोनचा घोडा? डोंगा हाये हा.
वल्हं मारलं का थांबा लागते थोडं,
पानी आपलं काम करते तवा.”
त्यानं मारून दाखवलं. मीही थांबलो.
बसलं बरोबर.

सालेकशाला ह्याच चालीचं नाव आंधण.
भात शिजेस्तोवर कथा ताणायची, एवढंच.

लाखांदुरात एकानं छातीठोक सांगितलं,
ही सिनेमातली आहे.
कोणत्या, ते त्याला आठवेना.

परत गेलो झिंगरूकडे.
अंगणात मोहफुलं वाळत होती, तो कोंबड्या हाकलत बसलेला.
खूप वेळानं बोलला :
“बापाचं बोट गिरनीच्या पट्ट्यात गेल्तं. हे मधलं.
जेथं ते बोट पडाचं, तेथं तो थांबे.
म्या त्याच्यापासून शिकलो.
मले बोटं पाच,
पन थांबनंबी शिकलो ना.”
एक कोंबडी फुलांत शिरली. तिला दगड मारून झाल्यावर म्हणाला,
“का आधीपासूनच होतं?
बोट होतं तवा म्या ऐकलं नाई. पोटात होतो.”

आमचा तबलजी सुखदेव ह्या मात्रेवर दरवेळी चिडतो.
सम निसटते म्हणतो, लोक मला हसतात म्हणतो.
म्हणून गोठणगावच्या प्रयोगात मी ती काढून टाकली.
चार चार चार चार. धुतल्यासारखी स्वच्छ.
बापानं वेळेवर ओळखलं नाही,
लेक वेळेवर रडली,
सुखदेवनं माझ्याकडे बघून मान डोलावली.

अंक पडला तेव्हा पडद्यामागे, वायरींच्या गुंत्यातून,
चादर पांघरलेली एक म्हातारी वाट काढत आली.
“मंघा वाजवे तो तूच का?
एक पायरी खाल्ली ना बाबू तुनं.
माहा पाय पडला ना खाली.”
मी विचारलं, माय, ह्या चालीचं नाव काय?
“चालीले नाव रायते का?”
मग मंडपाकडे बघून :
“अवंदा तुमचा पडदा लय मयकट हाये.”
आणि गेली, थंडीत, तिकिटाचं चिटोरं मुठीत धरून.

वहीत त्या चालीपुढचा रकाना मी कोराच ठेवला आहे.
घोडा खोडला नाही, डोंगाही नाही,
बोट तर मीच लिहिलं होतं पेन्सिलीनं, ते पुसट होत चाललंय.

दुसऱ्या रात्रीपासून
दुसऱ्या अंकात बाप अर्धी मात्रा उशिरा वळतो.
सुखदेव शिव्या देतो.
लोकांना वाटतं, काय काम करतो हा माणूस.