फळीची जात

लेगॉसच्या खाडीकाठची आमची गल्ली
जमिनीवर नाही, भुशावर उभी आहे.
पाय टाकला की थोडा आत जातो,
झोपलेल्या कुणाच्या पोटावर पडल्यासारखा.
पहाटेपासून चाळीस करवती.
दूरच्या नद्यांतून बांधून आणलेले ओंडके
पाण्यात पाठ उघडी टाकून पडलेले
आणि करवतींच्या मागे चढत जाणारे
पिवळे, तांबूस, विटकरी ढीग.

ढीग पेटतात. कुणी पेटवतं,
नाहीतर आतल्या आत धुमसतात महिनोन्महिने.
धाकट्याची छाती रात्री शीळ घालायची.
दवाखान्यात विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं?
म्हटलं, आमची अख्खी वस्ती ओढते.

मफीमिसेबीच्या बायकोकडे पोती भरून होत्या
पाण्याच्या रिकाम्या पिशव्या,
दाताने कोपरा तोडून, पिऊन, फेकलेल्या,
गटारांच्या तोंडाशी फुगून बसलेल्या.
मी म्हटलं, हे आणि ते एकत्र शिजवू.
ती म्हणाली, ओमोयेले, डोक्यात काय भरलंय तुझ्या?
भुसा, मी म्हटलं.
इथे दुसरं काय मिळतं?

पहिली फळी गळवासारखी फुगली.
भुसा ओला होता; वाफेने आत घरं केली.
मग पत्र्यावर वाळवला, चार दिवस, पाऊस चुकवत.
दुसरी करपली.
प्लास्टिक विरघळलं पाहिजे आणि लाकूड जळता कामा नये,
त्या दोहोंमधली जागा एवढीशी,
उंबरठ्याएवढी.
तिसरी दिसायला छान, पण नखाने सुटली.
भुसा पाण्याकडे ओढ घेतो,
प्लास्टिक पाण्याला ओळखही देत नाही;
त्यांचं जमणार कसं?
तंत्रशाळेतला एक पोरगा डबा घेऊन आला,
म्हणाला, हा मध्यस्थ, शंभराला तीन.
मध्यस्थ बेताचाच असावा
हे मला लग्नं जुळवणाऱ्या मावशीमुळे
आधीच ठाऊक होतं.

सातवी फळी बाबांपुढे ठेवली.

पंचेचाळीस वर्षं करवतीवर.
उजव्या हाताला तीन बोटं,
उरलेली दोन ह्याच गल्लीच्या
कुठल्यातरी थरात.
त्यांनी फळी उचलली. हुंगली.
पेराने ठोकून कान लावला,
ओंडका विकत घेताना लावतात तसा.
कुठल्या जातीचं?

सगळ्या, मी म्हटलं.
इरोको, महोगनी, ओबेचे,
पुलाखाली सापडलेलं ज्याला नाव नाही ते,
आणि शहरभरच्या लोकांची तहान.

वय?
वलयं नाहीत, बाबा.
रेषा नाही, गाठ नाही.
मग हे झाड कधी नव्हतंच, ते म्हणाले,
आणि फळी भिंतीला टेकवून जेवायला बसले.

मी रागावले.
रागावून तीच फळी महिनाभर गटारावर टाकली.
पाणी चढलं, उतरलं, वाळवीने वास घेऊन सोडून दिली.
वरून मोटारसायकली गेल्या.
ती वाकली थोडी. खोटं कशाला बोलू,
उन्हात मधोमध वाकली,
पण कुजली नाही.

आता आमचा साचा दिवसाला बारा पोती खातो.
करवती ओकतात त्याचा हिशेब मी करत नाही.
पलीकडचा ढीग अजून धुमसतो,
धाकटा अजून खोकतो, कमी,
की मलाच कमी ऐकू येतं, सांगता येत नाही.

बाबांनी ती वाकलेली फळी
न विचारता गटारावरून उचलली,
दोन ओंडक्यांवर ठोकली, दाराबाहेर.
संध्याकाळी तिच्यावर बसतात.
बसण्याआधी तीन बोटांनी
दिवसभर साचलेला भुसा झटकतात,
हातात गोळा करतात
आणि मी बघत नाहीसं पाहून
माझ्या पोत्यात टाकतात.